डब्यांतला महिना

उद्यमनगरात लेथवर काम करणारे आमचे शेजारी दिसेल त्याला "पावणं" म्हणायचे. पोस्टमन पावणं, रद्दीवाला पावणं, मीही पावणंच. पण घरी जेवायला कधी कुणाला बोलवायचे नाहीत. गल्ली त्यांना चिकट म्हणायची. मीही म्हणायचो.

आपल्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. पगार झाला की नवरा-बायको फळीवरच्या दूध पावडरच्या डब्यांत पैसे वाटून ठेवत. डब्यांवर खडूनं लिहिलेलं असे: किराणा, लाईट, शाळा, चहा, हप्ता. एका डब्यातलं दुसऱ्यात जायचं नाही. एकदा महिनाअखेरीला मी त्यांना चहाला चला म्हटलं.

"न्हाय पावणं. आज तुमचा पिलो तर उद्या मला पाजाय लागतोय की. चहाचा डबा रिकामा हाय."

मला रागच आला होता.

पाच वर्षांनी एका रविवारी त्यांनी दारातूनच हाक मारली, "पावणं, वहिनींना घिऊन दुपारी जेवायला या. मटण केलंय!" आवाज पार चौकापर्यंत गेला असेल.

गेलो. कर्ज फिटल्याचा दाखला त्यांनी आधी माझ्या हातात दिला, मग ताट. तांबडा रस्सा ओरपताना माझं लक्ष फळीकडं गेलं. डबे तेवढेच होते. फक्त एकावरचं 'हप्ता' पुसून तिथं ठसठशीत लिहिलं होतं: पावणं.

"दर महिन्याला भरणार हाय," ते ताठ बसून म्हणाले. "तवा आता न्हाय म्हणायचं न्हाय."