गुडघे टेकण्याचा सीन

मालिकांमध्ये तेच तेच असतं, असं आमच्या मोकपो बंदराच्या मासळीबाजारात मोठ्यानं बोलायची सोय नाही. बोंगसिमताई पाकट मासा कापायची सुरी हातात घेऊनच उत्तर देते.

आमची दुकानं शेजारी-शेजारी. ती आंबवलेली पाकट विकते, मी सुकट आणि खायचं समुद्री शेवाळ. टीव्ही माझ्या फ्रीजवर. संध्याकाळी मालिका लागली की दुकानवाल्यांची सगळी रांग माझ्याकडे जमते, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! सासू छळते, पोर पळवतात, कुणाची तरी स्मृती जाते आणि शेवटच्या आठवड्यात जो दुष्ट असतो तो गुडघे टेकून, जोडलेले हात एकमेकांवर चोळत माफी मागतो. मालिका कुठलीही असो, हे होतंच. आणि का होऊ नये?

ताईचा लेक सुंगू राजधानीत, सोलला कॉलेजात साहित्य शिकवतो. चुसोकच्या, सुगीच्या सणाला घरी आला की आईला डिवचतो.

"आई, पहिल्याच भागात शेवट कळतो गं. सगळं एकाच साच्यातलं!"

"शेवट मलाही कळतो. तो येईपर्यंत कोण कसं तडफडतं, ते बघते मी."

"पण खऱ्या आयुष्यात असे गुडघे टेकतं का कुणी?"

"कुणीच नाही. म्हणून तर बघते, मेल्या!"

हसत बोलली, पण मला आतली गोष्ट ठाऊक होती. तिचा नवरा होडीसकट बुडाला तेव्हा सुंगू अंगावर पीत होता. नणंदेनं, ग्विदोकनं, तिला भर गल्लीत उभी करून ओरडून सांगितलं, "पांढऱ्या पायाची! माझ्या भावाला खाल्लंस!" आणि पोरासकट घराबाहेर काढलं. ते शब्द तिच्या मागोमाग या बाजारातही आले. बाजारातल्या कुणाच्या घरी नवी सून आली की त्या सुनेच्या कानात कुणीतरी कुजबुजायचंच. ताईला ना घर हवं होतं, ना वाटा. ते शब्द त्याच तोंडानं, सगळ्यांदेखत परत घेतलेले तिला हवे होते. बस्स.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सुंगू आईच्या हाताखाली मासे बांधून देत होता. तेवढ्यात काठी टेकत ग्विदोक आली. पार वाळून गेली होती. ताईच्या दुकानासमोर थांबली, काठी टाकली आणि माशांच्या त्या घाण पाण्यात धपकन गुडघ्यांवर बसली. हात चोळायला लागली.

"मी माणूस नव्हते गं! मला मारून टाक, पण माफ कर!"

सुंगू धावला. "आत्या, ऊठ आधी! काय हा तमाशा!" मग आईकडे वळून हळूच म्हणाला, "आई, अगं, हे तर शब्दन् शब्द मालिकेतलं आहे."

"मग असू दे!" ताई कडाडली. "माफी कशी मागतात ते हिला घरात कुणी शिकवलं होतं? बापानं? त्या दारुड्या नवऱ्यानं? टीव्हीनं शिकवलं. तिकडे आपल्या घरी तीही रोज हेच बघत असणार. तुला इतके शब्द येतात, तू कधी कुणापुढे वाकलास?"

सुंगू मागे सरून परत मासे बांधायला लागला. बरं झालं! मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

मालिकेत या वेळेला नायिका लगेच धावते, उठवते, मिठी मारते. ताई हलली नाही. तिची सुरी पाकटीवर तशीच होती.

"काय बोललीस तेव्हा, ते आठवतं?"

ग्विदोकनं होकाराची मान डोलावली.

"मग ते परत घे. आणि मोठ्यानं बोल. टोकाच्या खेकडेवालीला ऐकू गेलं पाहिजे."

म्हातारीनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "तिनं नाही खाल्लं! माझ्या भावाला समुद्रानं नेलं! समुद्रानं नेलं गं बायांनो, तिनं नाही!"

खेकडेवालीनं तागडी खाली ठेवली. अख्खी रांग वळून बघायला लागली, गिऱ्हाइकंसुद्धा.

ताईनं सुरी बाजूला ठेवली, रबरी हातमोजे काढले. मग नणंदेच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

"भिजलीस की गं सगळी," ती म्हणाली. "चल आत, जेवून जा."