आमच्या हौदाचं भाडं

घरमालकांबद्दल कुणी माझ्यासमोर चांगलं बोललं की माझं डोकं अजून फिरतं. त्यांच्याही अडचणी असतात म्हणे. असतील. पण माझ्या पैशांनी बांधलेल्या हौदाचं भाडं माझ्याकडूनच मागायचं, ही कसली अडचण, ते मला कुणीतरी बसून समजावून सांगावं.

मी ब्लाउज शिवते. सोलापुरात पूर्व भागातल्या एका गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. वरच्या मजल्यावर मालकीणबाई आणि त्यांचा मुलगा. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. नवरा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. त्याच्या पगारात भाडं आणि किराणा भागायचा, बाकी सगळा संसार माझ्या मशीनवर. आणि मशीन चालायची ती गल्लीच्या जिवावर. आजूबाजूला सगळी तेलुगू घरं. कुणाचा खांदा उतरता आहे, कुणाच्या सासूला पाठीचा गळा किती खोल चालतो, मला तोंडपाठ. शिवणाऱ्या बाईनं घर बदललं तर गिऱ्हाईक रिक्षा करून तिच्यामागं येत नाही, ते जवळची दुसरी बाई शोधतं. म्हणून काही झालं तरी ते घर मला सोडायचं नव्हतं.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. आलं की मशीन बंद. हंडे भरा, पिंप भरा, बादल्या भरा. त्या दिवशी एक हूक लावून होत नसे. दोन वर्षं असं काढलं आणि मग अक्कांना विचारलं, अंगणात जमिनीखाली हौद बांधू का? खर्च आमचा.

"बांध की गं," त्या म्हणाल्या. "मी कशाला नको म्हणू? तुझंच घर समज."

आणि आम्ही समजलो! भाड्यानं राहणारी माणसं हा मूर्खपणा हौसेनं करतात. कुणी भिंतींना रंग देतं, कुणी खिडक्यांना जाळ्या बसवतं. मी भिशी उचलली, गवंडी आणला, मोटर बसवली. पाणी वर अक्कांच्या घरातही खेळायला लागलं. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही.

अकरा महिन्यांचा करार संपला. एरवी थोडंफार वाढवून पुढचा व्हायचा. या वेळी मुलगा खाली आला, मागोमाग अक्का.

"ताई, आता साडेचारचे साडेसहा हजार करावे लागतील. पाण्याची सोय असलेल्या खोल्यांना तोच रेट चाललाय."

"आणि सोय कुणी केली?" मी विचारलं.

"वापरलं की तुमी पाणी वर्षभर. घर तर आमचं हाय की."

मी अक्कांकडं बघितलं. वाटलं, या तरी काही बोलतील. बोलल्या, पण लेकाशी, तेलुगूत. ऐन लग्नसराईत ही कुठं जातेय, हिची सगळी गिऱ्हाइकं इथंच आहेत, थोडी कुरकुर करेल आणि देईल. अगदी शांतपणे, भाजीचा भाव ठरवावा तशा.

इतकी वर्षं मी तेलुगू बायकांची मापं घेतेय. माप देता देता त्या एकमेकींत सासवांचा जो उद्धार करतात, त्यातला शब्द न् शब्द मला कळतो. बोलत मात्र कधी नव्हते, कारण मग त्या मोकळेपणानं बोलल्या नसत्या. त्या दिवशी बोलले. अक्कांना तेलुगूतच सांगितलं की या महिन्यात आम्ही खोल्या सोडतोय.

त्यांचं तोंड एवढंसं झालं. पण मला त्याचं समाधान दोन मिनिटंसुद्धा मिळालं नाही. त्या बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच भागात दुसरीकडं बघितलं तर सगळीकडं तेच भाव. एका मालकानं तर मशीन बघून विजेचे वेगळे पैसे मागितले. शेवटी शहराच्या पार टोकाला एक खोली मिळाली. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. पुन्हा फॉल-पिकोपासून सुरुवात करायची होती. नवरा रात्री नीट जेवलाही नाही.

सामान टेम्पोत चढवत होतो तेव्हाच नवे भाडेकरू खोल्या बघायला आले. नुकतं लग्न झालेलं जोडपं. नवरा टेप घेऊन स्वयंपाकघरातली भिंत मोजत होता. मुलगी माझ्याजवळ आली.

"ताई, पाण्याचा तरास न्हाय ना हितं?"

"नाही. हौद मोठा आहे." मग राहवलं नाही. तिला बाजूला घेतलं. "एक सांगते, राग मानू नका. या घरात स्वतःच्या पैशानं काही म्हणजे काही करू नका. एक खिळासुद्धा ठोकू नका."

तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि लाजून हसली.

"ओट्यामागं टाइल्स बसवायचं ठरलंय की आमचं. अक्का लई चांगल्या हायत ओ. आमी नुसतं विचारलं, अन् लगीच व्हय म्हणाल्या."