ठेवणीतले टायर

लिफ्टवाल्या काकांच्या घरी चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती. सोनेरी काठाचे कप लग्नापासून काचेच्या कपाटात होते आणि काका-काकू चहा प्यायचे ते कान तुटलेल्या मगांतून. सोफ्यावर अभ्रा, अभ्र्यावर चादर. खालचा सोफा हिरवा आहे की निळा, यावर दोघांचं एकमत होत नसे. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राही.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर दोन सीटची, लाल, जुनी स्पोर्ट्स कार घेतली. विकणारा दातांचा डॉक्टर होता. कमरेच्या दुखण्यामुळे त्याला गाडीत बसता येई, पण गाडीतून उठता येत नसे. नातेवाइकांना वाटलं, काकांच्या डोक्यावर परिणाम झाला. काकूंनी मात्र एकच अट घातली.

"अहो, शहराबाहेर तो ट्रॅक आहे ना, तिथे मला एकदा शेजारी बसवून फिरवायचं. पोटात गोळा आला पाहिजे. मग गाडीचं लोणचं घाला हवं तर."

त्या ट्रॅकवर हिवाळ्यातले काही रविवार कुणीही फी भरून आपली गाडी पळवू शके. हेल्मेट भाड्याने मिळे. ते किती जणांच्या डोक्यांवरून फिरलेलं असेल, या विचाराने काकूंनी आत घालायला एक सुती टोपी शिवली आणि दाराजवळ खुंटीला अडकवून ठेवली. त्यांची तयारी झाली. राहिले टायर.

गाडीच्या टायरांना भेगा पडल्या होत्या. रस्त्यावर चालून जाई, ट्रॅकवर नाही. काका टायरवाल्याकडे गेले ते जातच राहिले. साधे नवे टायर परवडणारे होते, पण ट्रॅकवर तापले की ते घसरणार. शर्यतवाल्यांनी टाकून दिलेले जुने टायर मातीमोल मिळत आणि दिसायलाही गुबगुबीत असत, पण तापून-थंडावून ते आतून पार वाळलेले. खास ट्रॅकचे नवे टायर मऊ, रस्त्याला चिकटून राहणारे, आणि किंमत अशी की काका आकडा ऐकून खुर्चीवर बसले. प्रत्येक टायरमध्ये ते अंगठ्याचं नख रुतवून बघत. लिफ्टची देखभाल हे त्यांचं काम; लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी धक्का झेलणारे रबराचे ठोकळे असतात, त्यांची परीक्षा ते अशीच घेत आले होते.

"काका, माझ्या मालावर सगळीकडे तुमची नखं उमटलीत," टायरवाला म्हणाला. "आता घ्या तरी."

शेवटी त्याच्या माळ्यावर खास ट्रॅकचेच चार टायर सापडले. एका गिऱ्हाइकाने मागवले आणि नेलेच नाहीत. वर्षभर पडून होते, म्हणून निम्म्या किमतीत. काकांनी नख रुतवलं, खूण उमटली, सौदा झाला.

"एक सांगतो," टायरवाला म्हणाला. "हे झिजतात म्हणूनच धरतात. चार-सहा रविवार मजा करा आणि फेकून द्या."

फेकून द्या हे शब्द काकांच्या कानात रुतले. त्यांनी टायर घरी आणले, पुसले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि पलंगामागे उभे केले.

पहिल्या हिवाळ्यात त्यांना आभाळ भरून आल्यासारखं वाटलं. ते फक्त त्यांनाच वाटलं. दुसऱ्या हिवाळ्यात ट्रॅकवर नवं डांबर पडलं. खरखरीत डांबर टायर खातं, म्हणून ते वर्षही गेलं. तिसऱ्या वर्षी कारणच सापडेना, तेव्हा काका म्हणाले, "बघू." दर वर्षी काकू टोपी धुऊन, वाळवून परत खुंटीला लावत. झोपेत कूस बदलली की खोलीत रबराचा वास येई. काका अधूनमधून चादरीवरून हात फिरवत आणि समाधानाने झोपत.

इकडे कामावर मात्र ते फार कडक होते. खड्ड्यातला ठोकळा कितीही कोरा दिसो, मुदत संपली की बदलायचाच. इमारतीचे सेक्रेटरी कुरकुरले की काका ठणकावून सांगत, "रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, साहेब."

आणखी दोन हिवाळे असेच गेले. मग बातमी आली की ट्रॅकची जमीन विकली गेली, येता रविवार शेवटचा. काकूंनी टोपी खुंटीवरून काढून पर्समध्ये ठेवली.

काका शनिवारी टायर बसवायला घेऊन गेले. टायरवाल्याने चादर सोडली, या वेळी स्वतःच नख रुतवलं आणि बोट चोळत राहिला. खूण उमटली नव्हती.

"कुठे ठेवले होते?"

"पलंगामागे. भिंतीला टेकवून."

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"गिझर," काका म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. पुढचं वाक्य ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते. त्यांना भयंकर लाज वाटली. टायर गेले ते गेले, पण ही बाई इतके हिवाळे टोपी धुऊन तयार बसली होती आणि आपण चादरीवरून हात फिरवत होतो.

"या मापाचं दुकानात दुसरं काही नाही," टायरवाला म्हणाला. "हेच लावतो. तडे नाहीत. पण धरणार नाहीत हं, जपून."

रविवारी काका जपूनच निघाले. इतके, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. काकू टोपी आणि हेल्मेट घालून समोर बघत बसल्या होत्या. तिसऱ्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा काकांचा पाय जरासाच जड झाला. मागची चाकं सुटली. लाल गाडी स्वतःभोवती दोनदा फिरली, गवतात शिरली आणि आल्या दिशेला तोंड करून थांबली.

काका बोलणी खायच्या तयारीने बसले.

"आला," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पोटात गोळा. चला, परत."

ट्रॅक बंद होईपर्यंत ते फिरले. संध्याकाळी टायरांची पार लक्तरं झाली होती आणि काकांना त्याचं काहीच वाटलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

घरी आल्यावर काकूंनी काचेचं कपाट उघडून सोनेरी काठाचे दोन कप काढले. चहा गाळायच्या आधी काकांनी एक कप उलटा केला, तळाशी मुदतीची तारीख शोधली, ती नाही म्हटल्यावर कप सुलटा केला आणि काकूंपुढे धरला.