पारूबाईंचं गवत आणि आमचा रेशो

"साहेब, इथं तुमी ऊस लावलाय?"

वाणगावजवळच्या एका गावात, शाळेच्या पडवीत बैठक चालू होती. मी आमच्या रिपोर्टचा मसुदा वाचून दाखवत होतो. प्रश्न विचारणाऱ्या पारूबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. गावातल्या जुन्या शेतकरी.

"लावला नाही, धरलाय," मी म्हणालो. "पाणी आलं की लावता येईल म्हणून."

"आनि घालायचा कुठं? बोईसरला कारखाने चिकार हायत, पन उसाचा एक पन नाय."

सगळी पडवी हसली. मीही हसलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मी मूळचा सांगलीकडचा. शेताला पाणी म्हटलं की माझ्या हातून आपोआप ऊस लिहिला जातो.

तेव्हा मी बोईसरच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत होतो. एखादी योजना परवडेल की नाही, ते हिशेबाने सांगायचं, हे आमचं काम. इथे बंधाऱ्याचं पाणी पंपाने उचलून गावच्या कोरडवाहू जमिनीला द्यायचं होतं. खालच्या शेतांना आणि वरच्या माळालाही. एक रुपया खर्च केला तर किती परत येतील, तो आकडा म्हणजे बीसी रेशो. एकाच्या खाली गेला की फाईल बंद.

ऊस काढला आणि त्या भागात पिकणारी मिरची धरली. रेशो तरला. मी खुशीत दुसऱ्या दिवशी पारूबाईंबरोबर माळ बघायला चढलो.

माझ्या तक्त्यात त्या माळापुढे लिहिलं होतं : पडीक, सध्याचं उत्पन्न शून्य. प्रत्यक्षात तिथे छातीएवढं गवत होतं.

"याचं काय करता?"

"पाऊस सरला का कापतो. व्यापारी ट्रक घेऊन येतो, मुंबईच्या तबेल्यांना जातं. बी नाय, खत नाय, पानी नाय. तुमी काय लिवलंय?"

"शून्य."

पारूबाईंनी मूठभर गवत उपटून माझ्या हातात दिलं. एवढा शिकलेला माणूस, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

आता नियम असा, की जमीन आज जे देते ते योजनेच्या फायद्यातून वजा करायचं. मी गवत वजा केलं आणि रेशो एकाच्या खाली घसरला.

देशपांडे सर, म्हणजे माझे बॉस, वैतागले.

"गवत कशाला मोजलंस?"

"आहे म्हणून, सर."

"आपल्या आधीच्या कुठल्या रिपोर्टमध्ये गवत होतं?"

"त्यात ऊस होता, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग कर फाईल बंद."

मला मात्र चैन पडेना. खालच्या शेतांतल्या विहिरी होळीनंतर तळ दाखवत. त्या लोकांना पाणी खरंच हवं होतं, आणि माझ्या खरेपणापायी ते जाणार होतं. निदान तोंडाने सांगावं म्हणून मी पुन्हा गावात गेलो.

पारूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पन वर पानी चढवायला कोनी सांगितलं? आमाला खाली पायजे."

मी तिथेच बसकण मारली. पाणी जितकं उंच चढवायचं तितका पंप मोठा, पाईप जास्त आणि विजेचं बिल दर महिन्याला. सगळा खर्च खात होता तो माळ, आणि माळाला पाणी कुणी मागितलंच नव्हतं. जमीन जेवढी जास्त भिजेल तेवढी योजना चांगली, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

माळ वगळून हिशेब केला. रेशो एकाच्या चांगलाच वर गेला.

"स्कीम निम्मी झाली," सर म्हणाले. "आपली फीसुद्धा." पण सही केली.

योजना मंजूर झाली, बांधलीही गेली. पुढे दोनेक वर्षांनी माझा फोन वाजला.

"साहेब, आमची पाळी मंगळवारची, पानी आलं बुधवारी! मिरची सुकली ना!"

"पारूबाई, मी फक्त रिपोर्ट लिहिला. पाणी सोडणारे वेगळे."

"मंग त्यांना कोन सांगनार? तुमीच सांगा!"

त्या चांगली दहा मिनिटं भांडल्या. फोन ठेवल्यावर मी सरांना ही बातमी आनंदाने सांगितली. सरांना त्यात आनंदाचं काय ते कळेना. पण या धंद्यात मी एवढं शिकलो आहे : जी योजना कागदावरच राहते, तिच्याबद्दल तक्रारीचा फोन कधीच येत नाही.