आवाज तानुबाईचा

पुष्पाबाईच्या आईचा आवाज चोरीला गेला तो पंच्याऐंशीच्या श्रावणात. धुळ्यात कॅसेटचं दुकान असलेला झुलाल नांदरखेड्याला आला. श्रावणात बसवतात त्या कानबाई देवीपुढे तानुबाईनं म्हटलेली गाणी त्यानं टेप केली आणि "कॅसेटवर तुमचं नाव टाकतो अक्का," असं सांगून चहा पिऊन गेला. दिवाळीत कॅसेट आली. आवाज तानुबाईचा, नाव आणि फोटो झुलालच्या बायकोचा, लताबाईचा.

तानुबाई लेकीला घेऊन दुकानात जाब विचारायला गेली. गिऱ्हाइकांसमोर झुलाल म्हणाला, "अक्का, खेड्यातल्या सगळ्या बायकांचे आवाज सारखेच. हा तुमचाच कशावरून?" गिऱ्हाइकं हसली. त्यानंतर तानुबाई कानबाईपुढे कधी गायली नाही. गाण्यांची वेळ झाली की नैवेद्याचे रोट भाजायला चुलीपाशी जाऊन बसायची.

पुष्पाबाई तेव्हा आयटीआय करत होती. पुढे ती दीपनगरच्या वीजकेंद्रात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायला लागली, लग्न झालं, कॉलनीत क्वार्टर मिळालं. ते हसू मात्र तिच्या मनातून गेलं नाही. धुळ्याला गेली की वाट वाकडी करून ती त्या दुकानावरून जायची. राग शिळा होऊ द्यायचा नव्हता तिला.

सत्त्याण्णव साली भाऊ लोटन कुवेतहून सुटीवर यायचा होता. तिनं कळवलं, साडी नको, मिनीडिस्कचा डेक आण. ती छोटी तबकडी कॅसेटसारखी खरखरत नाही, हे तिनं वाचलं होतं. आई राहायला आली तेव्हा एका दुपारी पंखा बंद करून तिनं माइक पुढे ठेवला.

"आते कोनासाठे?" तानुबाईनं विचारलं.

"झुलालसाठी," पुष्पाबाई म्हणाली.

मग म्हातारी गायली. अकरा गाणी, आणि प्रत्येकाआधी स्वतःचं नाव. पुढच्या हिवाळ्यात ती वारली.

नव्व्याण्णवच्या आषाढात पेपरात बातमी आली. धुळ्यात लताबाईचा लोकगायिका म्हणून सत्कार होणार, आणि जुन्या कॅसेटची सीडी निघणार. पुष्पाबाईनं रजा टाकली आणि डेक पिशवीत घालून जळगावला अभिमनकडे गेली. गोलाणी मार्केटमध्ये तो कॉम्प्युटर जोडून द्यायचा, सीडीही काढायचा.

"सोपं आहे ताई," अभिमन म्हणाला. "हेडफोनच्या जागेतून वायर काढतो, कॉम्प्युटरात घालतो."

"त्यात कॉम्प्युटरची घरघर शिरेल. मग झुलाल म्हणेल, माझ्याच कॅसेटची नक्कल केली. या डेकला मागे ऑप्टिकल आहे, आवाज उजेडातून जातो. मला तसाच आत घ्यायचाय."

अभिमननं एक डबी दाखवली. उजेडाचा सिग्नल ती साध्या गोल पिनेवर आणत होती. पण ती पीन घेणारी जागाच त्याच्या कॉम्प्युटरातल्या आवाजाच्या कार्डाला नव्हती. शेवटी मुंबईहून ऑप्टिकलचं कार्ड मागवायचं ठरलं. आठ दिवसांनी कार्ड आलं. ते बसवून कॉम्प्युटर चालू केला तर चौकोनी भोकात लाल उजेड दिसला.

"हे परत पाठव," पुष्पाबाई म्हणाली.

"का? ऑप्टिकलच आहे की."

"हे उजेड बाहेर फेकतंय. माझा डेकही बाहेरच फेकतो. दोघं बोलणारेच झाले, ऐकणार कोण? आत घेणाऱ्याच्या भोकात अंधार असतो. आणि दुसरं मागवताना विचार, डेक ज्या वेगानं देतो त्याच वेगानं ते घेतं का. मध्ये काही बदलायला नको."

दुसरं कार्ड कार्यक्रमाच्या चार दिवस आधी आलं. भोकात अंधार होता. केबल खटकन बसली, पडद्यावर रेघ नाचायला लागली. अभिमननं हेडफोन कानाला लावला आणि म्हणाला, "बाई इथंच बसल्यासारखी वाटते." पुष्पाबाईनं तोंड फिरवून डोळे पुसले, मग पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं.

सभागृहातला माइकवाला पुना नांदरखेड्याचाच होता. त्याची आई तानुबाईच्या शेजारी बसून गायची. पुष्पाबाईनं त्याच्या हातात सीडी दिली. त्यानं ती लताबाईच्या सीडीच्या जागी लावून ठेवली.

लताबाईच्या खांद्यावर शाल पडली. झुलालनं पुनाला खूण केली, गाणं लाव. स्पीकरमधून म्हातारीचा स्वच्छ आवाज आला. "मी तानुबाई, नांदरखेडानी. हाई गानं मन्ही मायनी माले शिकाडं. हाऊ मना आवाज शे, दुसरीना नही." आणि गाणं सुरू झालं, कॅसेटमधलंच, त्याच वळणाचं. झुलाल हातवारे करत राहिला. पुना वायरी तपासत असल्यासारखा खाली वाकून बसला. पुढच्या रांगेतल्या बायका लताबाईकडे बघत होत्या. तिनं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि मागच्या दारानं गेली. पुष्पाबाईला तिची दया आली नाही. गाणं संपेपर्यंत ती झुलालच्या चेहऱ्याकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी झुलाल दीपनगरला दारात उभा. "ताई, केस करू नका. काय हवं ते सांगा."

तिनं त्याला आत बोलावलं नाही. "श्रावणात कानबाई उठेल, विसर्जनाला निघेल, त्या सोमवारी नांदरखेड्याला या. काय केलंत ते कागदावर लिहून आणा आणि बायकांसमोर वाचा."

तो आला. नदीवर निघायच्या आधी, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायकांसमोर, त्यानं मान खाली घालून कागद वाचला. वाचून घडी घालायला लागला.

"मागे ऐकू आलं नाही," पुष्पाबाई म्हणाली. "पुन्हा वाचा."

त्यानं पुन्हा वाचला. तिनं तिसऱ्यांदाही वाचायला लावला.