बोटीवरच्या माणसाची बायको

मांडव्याच्या बोटीत माझ्याच वयाचा एकजण शेजारी बसला. सदऱ्यानं फोन पुसायचा, वाचायचा, हसायचा.

“काय हाय त्यात?”

“बायको. वारली. इंटरनेट नवीन होतं तेव्हा लोक एका साइटवर बातम्या टाकायचे, मतं देऊन आवडलेली बातमी वर ढकलायचे, खाली प्रतिक्रियांत भांडायचे. हीपण तिथं लिहायची. साइट बंद पडली, पण कुणीतरी नक्कल जपलीय. नाव टाकून शोधलं की ही सापडते. बघा, मला आळशी म्हणतेय!”

माझा जळफळाट झाला. माझी मिठागरात राबून गेली. तिच्या शिव्या कोण जपणार?

“तुमच्या मिसेसचं नाव सांगा, शोधू.”

“न्हाय सापडायची. अंगठा लावायची ती.”

“काय म्हणायच्या तुम्हाला?”

“भरती नाकात शिरली तरी उठायचा न्हाय ह्यो रेडा.”

तो खदखदून हसला. वाटलं, तिची एवढी शिवीही याला द्यायला नको होती.