चिनी मुळी आणि जिवंत कोंबडी

आयुष्यात मी एकच खून केला, आणि तोही विळीवर. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत असे. जीव बिचाऱ्या कोंबडीचा गेला.

ह्यांना कॅन्सर झाला होता. केमो चालू होती, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला. पेशी वाढल्याशिवाय डोस नाही, आणि डोस लांबला की गाठ पुन्हा डोकं वर काढणार. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर. जो येई तो उपाय सांगून जाई. कंपनीच्या कामासाठी चीनला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी एका मुळीच्या चकत्या आणून दिल्या. फिकट पिवळ्या, आइसक्रीमच्या काडीसारख्या चपट्या.

"तिकडे थकव्यासाठी देतात, कोंबडीच्या रश्श्यात उकळून," ते म्हणाले. "पण वहिनी, आधी डॉक्टरांना विचारा हं."

मी कोंबडी तेवढी लक्षात ठेवली. आमच्या घरात कधी अंडंही आलं नव्हतं. पण माझ्या डोक्याने घेतलं की कोंबडीशिवाय मुळी लागूच पडणार नाही.

सासूबाई भजनाला गेल्या आणि मी सोनागिरीच्या बाजारातलं कोंबडीचं दुकान गाठलं.

"भाभीजी, काट दूँ?" दुकानदाराने सुरा उचलला.

टाउनशिपमधली एखादी बाई बघेल ह्या धास्तीने मी म्हटलं, "नहीं, ऐसे ही दे दो."

"पालेंगी क्या?" तो दात काढून हसला.

मेथीच्या जुड्यांखाली दडवून ती फडफडती पिशवी मी घरी आणली. मग उजेड पडला की आता मारायची कोणी. मीच! गौरीच्या नैवेद्याला जिच्यावर नारळ खोवायचा, ती विळी मी पायाखाली दाबली, डोळे मिटले आणि कोंबडीची मान पात्यावर ओढली. मान तुटली. कोंबडी मात्र थांबली नाही. हातातून निसटून बिनमुंडक्याची ओट्याखालून धावली, डब्यांवर आपटली, भिंतीवर रक्ताच्या पिचकाऱ्या उडवत थेट देव्हाऱ्यापुढे जाऊन पडली. तिथे पाय झाडत राहिली. मला मुंडकं असूनही काही सुचत नव्हतं.

तरी मी ती सोलली. अर्धं पाकीट मुळी ओतून पातेलं चढवलं. फरशी पुसायला वाकले आणि दारात सासूबाई.

त्यांनी आधी देव पाहिले, मग भिंत, मग मला. हातातला तांब्या भिरकावला तो माझ्या कपाळावर. भुवई फुटली.

"माझ्या लेकाला विटाळ चारतेस, रांडे?"

"लेक मरतोय तुमचा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी झिंज्या धरल्या, मी त्यांचा हात चावले. आवाज ऐकून हे भिंत धरत आले. बायकोच्या तोंडावर रक्त, आईच्या हातावर रक्त, देवांवर रक्त. चालायला काठीचा आधार लागणाऱ्या त्या माणसाने उकळतं पातेलं फडक्याने धरलं आणि अंगणात फेकलं. मग तिथेच गुडघ्यांवर कोसळून, आत काही उरलं नाही तरी, ओकत राहिले.

दुसऱ्या दिवशी टाके घातलेलं कपाळ घेऊन मी ह्यांच्याबरोबर दवाखान्यात. सासूबाई मनगटाला पट्टी बांधून शेजारी. डॉक्टरांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मला सगळं ओकावं लागलं.

"ह्यांच्या अंगात जंतूंशी लढायला शिपाई उरले नाहीत, आणि तुम्ही घरात कत्तल केलीत?" ते एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. "कच्चं मांस, पिसं, विष्ठा! ह्यांना मारायचं होतं का? आणि ही मुळी केमोच्या औषधांबरोबर काय करेल, मला तरी कुठे नक्की ठाऊक आहे? उरलेलं पाकीट इथे ठेवा. पेशी वर येऊ देत, मग बघू द्यायची का."

मी मान खाली घातली. सासूबाईंनी पदर सावरला. मला वाटलं, आता माझी उरलेली भुवई जाणार.

"ताकदीचं काय देऊ त्याला?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"डाळ, पनीर. खात असाल तर अंडी, कोंबडी. पण सगळं पूर्ण शिजवून."

रिक्षात त्या माझ्याकडे न बघता बसल्या होत्या. ह्यांचं डोकं त्यांच्या खांद्यावर. सोनागिरीचं वळण आलं तशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि मला कोपराने ढोसलं.

"जा, उतर. आणि ह्या वेळी मेलेली आण."